कोयनेलचे बी

हिवतापावरचे क्विनीन म्हणजे आपल्या जुन्या माणसांचे कोयनेल. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी पॅरिसमध्ये सिंकोनाच्या सालीतून हे कडू द्रव्य वेगळे काढले. झाडे मात्र अँडीजच्या जंगलात, आणि त्यांतले कसाचे झाड कोणते हे पारखणारा माणूस बोलिव्हियातला मानुएल इंक्रा ममानी. त्याने जमवलेले बी त्याचा धनी चार्ल्स लेजर याने १८६५ मध्ये लंडनला धाडले. निलगिरीत लावलेल्या सिंकोनात क्विनीन कमी भरत होते, तरी इंग्रज सरकारने हे बी नाकारले! डचांनी त्यातले थोडे घेतले, जावात रुजवले. पुढे जगातले बहुतेक कोयनेल तिथूनच येऊ लागले. झाडाला नाव पडले सिंकोना लेजेरियाना. पारख ममानीची, नाव धन्याचे. पुढे पुन्हा बी गोळा करताना ममानी पकडला गेला. तुरुंगात त्याला बेदम मारले. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला.