गेडिससाहेबांचा वर्ग

पर्यावरणाचा अभ्यास आपल्या विद्यापीठांत १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर अवतरला, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. परंतु स्थळ, तेथील व्यवसाय आणि तेथील लोक यांचा विचार एकमेकांपासून तोडून करता येत नाही, हा सिद्धांत आयुष्यभर सांगत आलेला एक वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबई विद्यापीठाने १९१९ सालीच आपल्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचा पहिला प्राध्यापक म्हणून नेमला होता. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडात जन्मलेले, हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेले आणि डंडी येथे तीस वर्षे वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केलेले हे गृहस्थ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या नगररचना-प्रदर्शनाचे नकाशे व चित्रे घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने बुडवले होते. त्यांनी नवे साहित्य जमवून मद्रासेत प्रदर्शन भरवले आणि पुढे संस्थानिकांच्या व नगरपालिकांच्या निमंत्रणावरून शहरामागून शहर पायी पालथे घातले.

त्या काळच्या इंजिनिअरांचा शिरस्ता असा होता की, जुनी दाट वस्ती दिसली की तिच्यामधून सरळ रुंद रस्ता काढण्याची तजवीज करावी आणि हिवतापाचे निमित्त सांगून तलाव बुजवून टाकावा. गेडिस यांना हे दोन्ही अमान्य होते. पडझड झालेली चार-दोन घरे काढून गल्लीला मोकळा चौक द्यावा, उरलेली वस्ती जशीच्या तशी राखावी, आणि तलाव बुजवण्याऐवजी त्यात मासे व बदके सोडून डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त करावा, असे ते आपल्या अहवालांतून वारंवार मांडत. आणि हे उपाय खर्चाने स्वस्त असल्यामुळेच की काय, भव्य योजनांची सवय झालेल्या अधिकाऱ्यांना ते रुचत नसत.

होळकरांच्या इंदुरात मात्र त्यांना मोकळा हात मिळाला. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दरबाराकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दवंडी पिटवली की, दिवाळीची मिरवणूक ज्या भागात घरांची डागडुजी व साफसफाई सर्वांत अधिक झाली असेल त्याच भागातून जाईल. शहरातून गाड्याच्या गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत अस्वच्छतेच्या राक्षसाची व प्लेगच्या उंदराची प्रचंड सोंगे होती, आणि त्यांच्यामागून स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, फुलांनी सजवलेले झाडू घेतलेले भंगी चालत होते. ज्यांची सावलीही एरवी लोक टाळत, त्यांना गेडिस यांनी मिरवणुकीत मानाचे स्थान दिले, ही गोष्ट त्यांच्या सर्व अहवालांपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. १९१८ च्या इंदूर अहवालात त्यांनी मैला नदीत सोडण्यापेक्षा तो बागांच्या खताकडे वळवावा असा आग्रह धरला, आणि मध्य भारतासाठी एका विद्यापीठाचाही आराखडा मांडला. पुढे त्याच इंदुरात कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

मुंबईचा वर्ग इतका यशस्वी झाला असे म्हणवत नाही. साहेब दाढीतल्या दाढीत पुटपुटत, कागदाच्या घड्या पाडून त्यांत आकृत्या भरत, आणि मधूनच जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा करायला निघून जात. तरीही मुंबई या नगरावरील एका निबंधावरून त्यांनी संस्कृतचा एक मालवणी विद्यार्थी हेरला आणि त्यास विलायतेला पाठवण्याची शिफारस केली. तेच गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिस १९२४ मध्ये युरोपात परतले, घुर्ये विभागप्रमुख झाले, आणि विभागाचा कल जात, वंश व कुटुंबसंस्था यांच्या अभ्यासाकडे वळला. त्यातून मोठे पांडित्य निर्माण झाले, यात शंका नाही. पण तलाव, गटार आणि बाग यांचा विद्यापीठाशी असलेला संबंध सुटला. गेडिस यांचा वारसा चालवला तो लखनौचे समाजशास्त्रज्ञ राधाकमल मुखर्जी यांनी, सामाजिक परिस्थितिविज्ञानाच्या, म्हणजे माणूस व परिसर यांच्या संबंधांच्या अभ्यासाच्या रूपाने.

पर्यावरणाचा विषय विद्यापीठांत परत आला तो न्यायालयाच्या हुकमाने. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. त्यात चित्रपटगृहांनी खेळाआधी पर्यावरणविषयक पारदर्शिका फुकट दाखवाव्यात इथपासून महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करण्याचा विचार व्हावा इथपर्यंत निर्देश होते. अंमलबजावणी रेंगाळली, न्यायालयाला पुन्हा कानउघाडणी करावी लागली, आणि अखेर २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले.

त्या अभ्यासक्रमात पन्नास तासिका होत्या. त्यांपैकी पाच प्रत्यक्ष पाहणीसाठी राखल्या होत्या: जवळची नदी, टेकडी किंवा माळरान पाहावे, एखादे दूषित ठिकाण पाहावे, परिसरातील झाडे, कीटक व पक्षी ओळखावेत. शंभरांपैकी पंचवीस गुणही त्याच कामाला होते. गेडिस यांची पद्धत नेमकी या पाच तासांत शिल्लक राहिली होती, आणि बहुतेक ठिकाणी तेच पाच तास गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेल्या प्रकल्पात खर्ची पडले. ज्या अध्यापकांच्या हाती आज हा वर्ग आहे, त्यांनी बाकीचे व्याख्यान हवे तर थोडे आटोपते घ्यावे. पण मुलांना एकदा गावच्या नाल्याच्या काठाने, उगमापासून संगमापर्यंत, चालवत न्यावे.