बसच्या वेगमापकाचे अंशशोधन

बसच्या वेगमापकाचे अंशशोधन म्हणजे बसमधील वेगमापक दाखवत असलेला वेग आणि बसचा प्रत्यक्ष वेग यांतील तफावत मोजून ती दूर करण्याची प्रक्रिया होय. वेगमापकास व्यवहारात स्पीडोमीटर किंवा नुसते मीटर म्हणतात. जुन्या प्रवासी बसचे मालवाहू गाडी, फिरता दवाखाना, फिरते ग्रंथालय किंवा कॅराव्हॅन यांत रूपांतर करताना टायर, मागील धुरा अथवा गिअरबॉक्स बदलला गेल्यास ही तफावत वाढते. मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागल्यास चालक नकळत वेगमर्यादा ओलांडतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ यंत्रदुरुस्तीचा नसून रस्ता सुरक्षेचाही आहे.

पार्श्वभूमी

मोटारींमध्ये दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या चुंबकीय वेगमापकाचे पेटंट जर्मन अभियंता ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतले. भारतातील जुन्या बसगाड्यांमध्ये याच तत्त्वावरील, केबलने चालणारे मीटर असे. पुढे त्याची जागा विद्युत संवेदकावर चालणाऱ्या मीटरने घेतली.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात निजाम राज्य रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये बससेवा सुरू केली होती. मुंबई राज्यात एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर धावली. त्या काळात अंतर मैलांत मोजले जाई. भारताने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने स्वीकारल्यावर रस्त्यांवरील मैलाच्या दगडांची जागा किलोमीटरच्या दगडांनी घेतली. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर असल्याने अतिशय जुन्या गाडीच्या मीटरची तपासणी करताना तबकडीवरील एकक मैल आहे की किलोमीटर, हे प्रथम पाहावे लागते.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने २०२० मध्ये, कोविड साथीमुळे प्रवासी वाहतूक थांबलेली असताना, जुन्या बसगाड्यांची आसने काढून त्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर केले. ही सेवा पुढे ‘महाकार्गो’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही स्वीकारले. अशा उपक्रमांमुळे रूपांतरित वाहनांचा विषय राज्यात अधिक परिचयाचा झाला.

रचना व कार्य

केबलच्या मीटरमध्ये गिअरबॉक्सच्या मागील टोकाशी एक चालक गिअर आणि त्याला जुळणारा लहान चालित गिअर असतो. चालित गिअरमुळे लवचिक केबल फिरते व तिच्या दुसऱ्या टोकाला मीटरमधील चुंबक फिरतो. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी विद्युत प्रवाह निर्माण होतात आणि ती चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन बलांचा जिथे समतोल होतो तिथे काटा स्थिरावतो. अंतर मोजणारी आकड्यांची चाके मात्र त्याच केबलवरून दातेरी चाकांच्या साहाय्याने थेट फिरतात. त्यांचा चुंबकाशी किंवा स्प्रिंगशी संबंध नसतो.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये गिअरबॉक्सवरील संवेदक शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक स्पंदे पाठवतो. एका किलोमीटरला किती स्पंदे येतात हा स्थिरांक मीटरमध्ये नोंदवलेला असतो आणि त्यावरून वेग व अंतर काढले जाते.

दोन्ही प्रकारांत वाहनाचा वेग थेट मोजला जात नाही. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजले जातात. त्या फेऱ्यांचे अंतरात रूपांतर करताना टायरचा घेर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर गृहीत धरलेले असते. यांपैकी काहीही बदलले की मीटर चुकते.

त्रुटीची कारणे

टायरचा आकार: ९.००-२० मापाच्या टायरचा बाह्य व्यास सुमारे १,०२० मिलिमीटर, तर १०.००-२० मापाच्या टायरचा सुमारे १,०५५ मिलिमीटर असतो. पहिल्या मापाऐवजी दुसरे माप बसवल्यास चाकाच्या एका फेऱ्यात बस सुमारे ३.४ टक्के अधिक अंतर कापते. त्यामुळे मीटरवर ताशी ६० किलोमीटर दिसत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ६२ असतो.

टायरची झीज व हवा: झिजलेल्या टायरचा व्यास कमी झाल्याने चाक अधिक फेरे घेते आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवते. हवा कमी असल्यास परिणाम याच दिशेने होतो. ही त्रुटी सहसा लहान असते.

डिफरन्शियलचे गुणोत्तर: क्राऊन व पिनियनच्या दात्यांची संख्या ४१ व ६ असल्यास गुणोत्तर ६.८३ येते, ४१ व ७ असल्यास ५.८६. पहिल्या जोडीऐवजी दुसरी बसवल्यास तेवढेच अंतर कापताना शाफ्ट कमी फेरे घेतो. मीटरवर ताशी ६० दिसताना बस प्रत्यक्षात ताशी ७० किलोमीटर वेगाने धावत असते. सपाट रस्त्यावर इंधन वाचावे म्हणून दुसऱ्या गाडीची धुरा बसवताना ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

मीटरमधील दोष: वयोमानाने चुंबक क्षीण झाल्यास काटा कमी वेग दाखवतो; स्प्रिंग सैल पडल्यास तो जास्त दाखवतो. केबल कोरडी पडली किंवा तीव्र वळणात अडकली तर काटा थरथरतो अथवा उड्या मारतो.

न जुळणारे मीटर: भंगारातून आणलेले मीटर दुसऱ्या मॉडेलचे असल्यास त्याचा स्थिरांक वेगळा असू शकतो. बाहेरून सारखी दिसणारी दोन मीटरे त्यामुळे एकाच गाडीत भिन्न वेग दाखवतात.

तपासणी

तपासणीची सर्वांत साधी पद्धत किलोमीटरच्या दगडांवर आधारित आहे. काटा एका आकड्यावर स्थिर ठेवून ठरावीक अंतर कापायचे आणि लागलेला वेळ सेकंदांत मोजायचा. सूत्र पुढीलप्रमाणे आहे:

खरा वेग (किमी प्रतितास) = ३,६०० × अंतर (किमी) ÷ वेळ (सेकंद)

पाच किलोमीटरसाठी लागणारा वेळ व खरा वेग:
- ४५० सेकंद: ४० किमी प्रतितास
- ३६० सेकंद: ५० किमी प्रतितास
- ३२० सेकंद: ५६.२५ किमी प्रतितास
- ३०० सेकंद: ६० किमी प्रतितास

काटा ५० वर ठेवून पाच किलोमीटरला ३२० सेकंद लागले, तर खरा वेग ५६.२५ आहे. म्हणजे मीटर प्रत्यक्षाच्या आठ नवमांश वेग दाखवते आणि दुरुस्तीचा गुणक ५६.२५ ÷ ५० = १.१२५ येतो.

वेळ मोजण्याचे काम चालकाने न करता सोबतच्या व्यक्तीने करावे लागते. चाचणी दोन्ही दिशांना घेऊन सरासरी काढली जाते. टायरची हवा गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, निर्धारित दाबाइतकी केली जाते; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला असतो.

धाराशिव जिल्ह्यातून सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशी व बीड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग व उमरगा येथून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातात. चाचणीसाठी अशा मार्गांवरील सरळ व सपाट टप्पा उपयुक्त ठरतो. बालाघाट डोंगररांगेतील चढउतारांवर वेग स्थिर राहत नाही. अश्विन महिन्यातील नवरात्र व कोजागिरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर मार्गावर पायी जाणाऱ्या भाविकांची मोठी गर्दी असते; त्या काळात हा मार्ग चाचणीस योग्य नाही. चौपदरीकरण किंवा वळणरस्त्यामुळे काही ठिकाणी दगडांमधील अंतर अचूक राहत नाही, म्हणून एकाच किलोमीटरवर विसंबू नये.

उपग्रहाधारित जीपीएस यंत्राने किंवा मोबाइल फोनवरूनही खरा वेग कळतो. मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर व स्थिर वेगात हे मापन विश्वासार्ह असते. वेग वाढताना वा कमी होताना मात्र त्यावरील आकडा थोडा मागे राहतो.

निदान

वेग आणि अंतर या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे तपासल्यास दोषाचे स्थान समजते. वरील उदाहरणात दहा किलोमीटर अंतर कापल्यावर अंतरमापक ८.९ किलोमीटर दाखवत असेल, तर वेग व अंतर दोन्ही एकाच प्रमाणात चुकलेले आहेत. म्हणजे दोष टायर, धुरा किंवा चालित गिअर यांत आहे. अंतर बरोबर आणि वेग चूक असल्यास दोष चुंबक, स्प्रिंग किंवा काट्यात असतो. त्रुटी सर्व वेगांना समान टक्क्यांत आहे की काटा सर्वत्र समान आकड्याने पुढे-मागे आहे, हेही तपासले जाते. दुसऱ्या स्थितीत काटा दांड्यावर चुकीच्या जागी बसवलेला असण्याची शक्यता असते.

दुरुस्तीच्या पद्धती

चालित गिअर बदलणे: दात्यांची संख्या कमी असलेला चालित गिअर बसवल्यास केबल अधिक वेगाने फिरते. मूळ गिअरला १८ दाते असतील आणि गुणक १.१२५ असेल, तर १८ ÷ १.१२५ = १६ दात्यांचा गिअर लागतो. तो चालक गिअरच्या आट्यांशी जुळणे आवश्यक असते. न जुळणारा गिअर लवकर झिजतो.

गुणोत्तर बदलणारी पेटी: योग्य गिअर उपलब्ध नसल्यास गिअरबॉक्स व केबल यांच्या दरम्यान लहान दातेरी पेटी बसवली जाते. वेग व अंतर या दोन्ही नोंदी तिच्यामुळे एकाच वेळी सुधारतात.

मीटरचे अंतर्गत समायोजन: अंतर बरोबर पण वेग चूक असेल तरच हा उपाय योग्य ठरतो. चुंबकाचे चुंबकत्व किंवा स्प्रिंगचा ताण बदलून चाचणी यंत्रावर काटा जुळवला जातो. गुणोत्तराची चूक झाकण्यासाठी असे समायोजन केल्यास काटा बरोबर दिसतो, परंतु अंतराची नोंद चुकीचीच राहते.

स्थिरांक बदलणे: इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये नवा स्थिरांक = जुना स्थिरांक × दर्शवलेले अंतर ÷ खरे अंतर. प्रमाण आठ नवमांश असल्यास ९,००० स्पंदांचा स्थिरांक ८,००० करावा लागतो.

तात्पुरता तक्ता: दुरुस्ती होईपर्यंत दर्शवलेला व खरा वेग यांचा छोटा तक्ता चालकासमोर लावता येतो. हा कायमचा पर्याय मानला जात नाही.

दुरुस्तीनंतर चाचणी पुन्हा घेतली जाते. अंतरमापकाचा त्या दिवशीचा आकडा, दुरुस्तीची तारीख व गुणक यांची नोंद गाडीच्या देखभाल वहीत ठेवल्यास पूर्वीच्या अंतराचा हिशेब लावता येतो. एकूण अंतराचा आकडा मागे फिरवणे हा अंशशोधनाचा भाग नाही.

कायदेशीर बाबी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगमापकाविषयी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवरील निर्बंध व कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची तरतूद आहे. रूपांतरित वाहनाची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. धाराशिव जिल्ह्याचा वाहन नोंदणी क्रमांक एमएच-२५ आहे. आठ वर्षांपेक्षा जुन्या वाहतूक वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी होते.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवासी बससाठी कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर आणि मालवाहू वाहनांसाठी ८० किलोमीटर आहे. इतर सामान्य रस्त्यांवर दोन्हींसाठी ती ६० आहे. राज्य शासन याहून कमी मर्यादा ठरवू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्रमांक ३९ नुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवल्यास ती तफावत खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर यापुढे जाऊ नये. चूक झालीच तर ती सुरक्षिततेच्या बाजूने असावी, हे यामागील तत्त्व आहे.

सुरक्षा व आर्थिक महत्त्व

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ६० ऐवजी ७० किलोमीटर वेग असताना ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. वेगनियंत्रक मीटरच्याच संवेदकावर व स्थिरांकावर अवलंबून असल्यास तोही चुकतो. आठ नवमांश प्रमाण असलेल्या गाडीत ८० वर जुळवलेला नियंत्रक प्रत्यक्षात ताशी ९० किलोमीटर वेग होऊ देतो.

अंतर कमी नोंदवले गेल्यास इंधनाची सरासरी प्रत्यक्षाहून कमी दिसते आणि इंजिन निर्दोष असूनही दुरुस्तीचा खर्च होऊ शकतो. उलट ऑइल बदलणे, ग्रीसिंग व ब्रेक तपासणी यांची वेळ उशिरा येते. किलोमीटरवर भाडे आकारल्यास मालकाचे नुकसान होते, तर अंतर जास्त नोंदवणाऱ्या मीटरमुळे ते ग्राहकाचे होते.

हेही पाहा
- अंतरमापक
- डिफरन्शियल
- महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
- वेगनियंत्रक
- धाराशिव जिल्हा