सरकारी कार्यालय सर्वांचे : धर्म, जमात आणि नोकरीतील समावेशन

महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातील मार्कंड्यात वैनगंगेच्या काठी मोठी यात्रा भरते. एसटीचे चालक-वाहक, आरोग्यसेविका, पोलीस शिपाई, तलाठी असे सगळे तेव्हा ड्युटीवर असतात. त्यांत गोंड आणि माडिया असतात, बौद्ध असतात, ओबीसी असतात, बंगाली वसाहतींतलेही असतात. यात्रा शंकराची असली तरी औषधाची पेटी घेऊन बसलेली सेविका यात्रेकरूचा धर्म विचारत नाही. तिने तसेच वागावे, अशी राज्याची अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे. यात्रा आटोपून ती कार्यालयात परतते, तेव्हा कार्यालयानेही तिच्याशी तसेच वागले पाहिजे. यालाच समावेशन म्हणायचे.

हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः भोगलेला आहे. 1917 मध्ये ते बडोदा संस्थानात अकाउंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले. परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. हातात नेमणूक होती, पण तिथे राहून काम करणे अशक्य झाले. म्हणून समावेशन तीन टप्प्यांवर तपासावे लागते : भरती, रोजचा व्यवहार आणि पदोन्नती.

भरती

संविधानाचे कलम 16(2) सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. कलम 16(4) मागासवर्गासाठी आरक्षणाची मुभा देते. महाराष्ट्राच्या 2004 पासून लागू असलेल्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींना 13 टक्के आणि अनुसूचित जमातींना 7 टक्के जागा आहेत.

धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळला. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात 1990 साली दुरुस्ती झाली, तेव्हा केंद्रीय नोकऱ्यांतही बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळाला. येथे तरुणांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धर्म बौद्ध लिहायचाच, पण बौद्ध ही त्या आदेशातील जात नाही. धर्मांतरापूर्वीची जात जातीच्या रकान्यात आणि दाखल्यात नीट नोंदलेली नसेल, तर अर्ज अडकू शकतो. दाखला आणि वैधता प्रमाणपत्र जाहिरातीची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे.

आपल्याच तालुक्यात आणखी एक समाज या दाराबाहेर उभा आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली अनेक कुटुंबे चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत वसवली गेली. त्यांतले बरेच नमःशूद्र आहेत. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही, कारण ही यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते. बाबासाहेबांना 1946 मध्ये बंगालमधून संविधान सभेत पाठवण्यासाठी झटणारे जोगेंद्रनाथ मंडल याच समाजातले होते. त्यांच्या मागणीला साथ देणे हे आपल्यावरचे जुने देणे आहे.

पेसा भरतीचा वाद

2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात सुमारे 39 टक्के अनुसूचित जमाती आणि 11 टक्के अनुसूचित जाती आहेत. चंद्रपुरात हे प्रमाण सुमारे 18 आणि 16 टक्के आहे. गडचिरोलीचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. राज्यपालांच्या 9 जून 2014 च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक अशी काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याचे ठरले. त्यावरून बिगर-आदिवासींत नाराजी पसरली आणि आपले काही तरुणही त्यात ओढले गेले. एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविभाजित आंध्रातील अनुसूचित क्षेत्रांत शिक्षकांची शंभर टक्के पदे आदिवासींना देणारा आदेश रद्द केला. महाराष्ट्रातील भरतीचा प्रश्नही न्यायालयात गेला.

टक्केवारी किती असावी, हे न्यायालय ठरवील. आपण कोणत्या बाजूने बोलायचे, हे मात्र आपल्याला ठरवायचे आहे. भामरागड किंवा एटापल्लीच्या उपकेंद्रात माडिया बोलणारी सेविका नसेल, तर बाळंतीण आपले दुखणे सांगणार कोणाला? गोंडी आणि माडिया या भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. कार्यालयात त्या बोलणारे माणूस असणे हीच तिथल्या लोकांसाठी मोठी सोय आहे. जागा कमी पडतात याचे कारण आदिवासी नाहीत. रिक्त ठेवलेली पदे आणि कंत्राटीकरण ही खरी कारणे आहेत. बाह्यस्रोत एजन्सीमार्फत माणूस घेतला की बिंदुनामावलीचा प्रश्नच उरत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने नऊ एजन्सींमार्फत भरतीचा निर्णय काढला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेण्याची घोषणा केली. तो विरोध सर्व समाजांच्या तरुणांनी मिळून केला होता, हे विसरू नये.

रोजचा व्यवहार

रुजू झाल्यानंतरच्या तक्रारी बहुतेक वेळा कागदावर येत नाहीत. आडनाव ऐकून जात ताडणे, सत्यनारायणाच्या पूजेची वर्गणी, डब्यावरून टोमणे, 'कोट्यातला' हा शब्द, आदिवासी सहकाऱ्याच्या मराठीची नक्कल. समाजकार्य करताना भेटणारे तरुण कर्मचारी हेच पुन्हा पुन्हा सांगतात. शेवटी "जाऊ द्या, नोकरी करायची आहे" असे म्हणून गप्प बसतात.

नियम त्यांच्या बाजूने आहेत. कलम 25 प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. पूजेला न बसणे हा त्याचाच भाग आहे. राज्याच्या 1979 च्या वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय निधी गोळा करता येत नाही. त्यामुळे वर्गणी नाकारणे म्हणजे बेशिस्त नव्हे. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. जयंतीच्या वर्गणीसाठी हाताखालच्या माणसावर दबाव आणणे तितकेच चूक आहे. मुस्लीम वा ख्रिस्ती सहकाऱ्याला आपल्या कार्यक्रमाला यावेच लागेल, असे वातावरणही आपण तयार करू नये.

जातीवरून जाणीवपूर्वक अपमान झाला, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मात्र त्या कलमासाठी अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. म्हणून तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी याच कायद्यात वेगळे कलम 4 आहे.

पदोन्नती

77 व्या घटनादुरुस्तीने 1995 मध्ये कलम 16(4अ) आले आणि पदोन्नतीतील आरक्षणाला आधार मिळाला. महाराष्ट्रात मात्र 4 ऑगस्ट 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्याचा 2004 चा पदोन्नतीविषयक शासन निर्णय रद्द ठरवला. 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. वरच्या खुर्च्यांवर आपली माणसे कमी राहिली, तर खालचे टोमणे थांबवणार कोण? दोन्ही टप्पे असे एकमेकांत अडकलेले आहेत.

काय करता येईल

माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून आपल्या तालुक्यातील कार्यालयाची बिंदुनामावली आणि रिक्त पदांची संख्या मागवावी. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. नामावलीत गडबड दिसली, तर विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडे लेखी तक्रार करावी. पुढे कलम 338 खालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आणि 338अ खालील जमाती आयोग आहेत. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. धर्मावरून भेदभाव झाल्यास राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाकडेही जाता येते. बौद्ध हे 1993 पासून अधिसूचित अल्पसंख्याक आहेत.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या दीक्षेने आपल्याला समतेचा शब्द दिला आणि आपणही तो दिला. कार्यालयात आपल्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या माडिया, नमःशूद्र किंवा मुस्लीम सहकाऱ्याची तक्रार आपल्या सहीने पुढे जाऊ लागेल, तेव्हा तो शब्द पाळला असे म्हणता येईल.

जय भीम, जय सेवा!