सावंतवाडीचा गंजिफा : एका चित्रखेळाच्या कारखान्याची हकीगत

चित्रे पाहत कथेत शिरावे आणि खेळता खेळता ती पुढे न्यावी, असा संगणकावरचा खेळ अमेरिकेत १९८० साली एका दांपत्याने घडविला. रॉबर्टा विल्यम्स यांनी कथा रचली, चित्रे काढली. पती केन यांनी ती ॲपल संगणकावर उतरविली. ‘मिस्टरी हाउस’ हा तो खेळ. त्यांची ‘सिएरा ऑन-लाइन’ कंपनी पुढे नावारूपाला आली, १९९६ मध्ये विकली गेली आणि १९९९ मध्ये ओकहर्स्ट येथील तिच्या जुन्या स्टुडिओला टाळे लागले. नातवंडांना याचे नवल वाटते. मला मात्र सावंतवाडी आठवते. तेथेही दांपत्यच होते, खेळ चित्रांचाच होता, आणि आरंभ सुमारे दहा वर्षे आधीचा.

गंजिफा मोगलांबरोबर रुजला. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला हे पत्ते पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संच आठ रंगांचा, ९६ पानांचा. आपल्याकडे त्याचा दशावतार झाला : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा गोल पाने, एकूण १२०. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. तिघे बसले की प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येत. दिवसा उतारी रामाची, सूर्यास्तानंतर कृष्णाची. शिवाय पाच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का! पुराण आणि अंकगणित एकाच बैठकीत शिकविणारी अशी शाळा दुसरी नसेल.

स्वस्त छापील बावन्न पानांपुढे हाताने रंगविलेल्या, लाखेचे रोगण दिलेल्या संचाचा निभाव लागला नाही. श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी लक्ष घातले, तेव्हा जुने काम जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. त्यांच्याकडून उभयतांनी ही कला समजून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केले. संस्थानिकांचे तनखे त्याच वर्षी बंद झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाचे मोल कळते. दरबाराच्या दालनात चित्रकार पाने रंगवू लागले. सत्त्वशीलादेवी मूळच्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील. २०१८ मध्ये त्या निवर्तल्या. काम पुढच्या पिढीने चालू ठेवले आहे.

कला वाचली, खेळ वाचला, असे म्हणवत नाही. संच भेट म्हणून दिले जातात, चौकटीत बसवून भिंतीवर टांगले जातात. डाव मांडणारी घरे विरळ.

गायकवाडीबरोबर दक्षिण गुजरातेत आलेल्या आपल्या घरांपैकी कोणाच्या फडताळात गोल पत्त्यांची पेटी असेल, कोणा आजींना उतारीचे नियम तोंडपाठ असतील, तर ते त्यांच्याच शब्दांत टिपून मंडळाकडे अवश्य पाठवावेत.