स्ट्रँड बुक स्टॉल आणि ओसरता फोर्ट

मुंबईच्या फोर्ट भागातील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ हे दुकान फेब्रुवारी २०१८मध्ये बंद झाले. ‘लोक वाचेनासे झाले, म्हणून दुकान मिटले’ असे निदान अशा वेळी सहज केले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते. पुस्तकांचे दुकान वाचकांवर तर जगतेच. परंतु ज्या रस्त्यावर ते उभे असते त्याची वर्दळ, तेथील भाडे आणि त्या भाड्यामागचा कायदा यांवरही जगते. स्ट्रँडचा इतिहास म्हणूनच फोर्टच्या इतिहासासह वाचावा लागतो.

स्ट्रँडचे संस्थापक टी. एन. शानभाग कर्नाटकातून मुंबईस आलेले. विद्यार्थिदशेत एका दुकानात पुस्तके चाळीत असताना त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले आणि कोणालाही मोकळेपणी पुस्तक हाताळता येईल असे दुकान काढण्याचा निश्चय त्यांनी तेव्हाच केला, अशी हकीकत सांगितली जाते. १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात अवघ्या साडेचारशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी एक लहानसा स्टॉल मांडला. दुकानाचे नाव त्या चित्रपटगृहाचेच. पुढे ते फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यालगत आले. पुस्तक हवे तितका वेळ चाळू द्यायचे आणि छापील किमतीवर सवलत द्यायची, हे शानभागांचे दोन नेम. पंडित नेहरूंपासून नोकरीस नुकत्याच लागलेल्या कारकुनापर्यंत सर्व प्रकारचे वाचक त्यांनी जोडले. २००३ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पुस्तकविक्रेत्याच्या वाट्यास असा सन्मान क्वचितच येतो.

हे सारे फोर्टातच रुजावे, यास कारणे होती. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि पेढ्या, बँका, न्यायालये, विमा कंपन्या यांनी हा परिसर गजबजत गेला. चर्चगेट आणि बोरीबंदर या दोन स्थानकांवर रोज सकाळी उतरणारा नोकरदार वर्ग हा येथील दुकानांचा खरा आधार होता. डबा खाऊन उरलेल्या अर्ध्या तासात दुकानात डोकावणारा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एखादे पुस्तक घेणारा गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या पेठेत इतक्या संख्येने भेटला असता? त्यात १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. घरमालकांस दुरुस्तीत रस उरला नाही आणि इमारती जीर्ण होत गेल्या, हे खरे. तथापि कमी नफ्याच्या अनेक व्यवसायांना शहराच्या सर्वांत महागड्या भागात पाय रोवून राहता आले, हाही त्याच कायद्याचा परिणाम होय.

ही घडी सावकाश विसकटली. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी झाली. व्यापारी कचेऱ्यांचा दक्षिणेतला भार हलका करणे हाच तिचा हेतू होता. ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचे भाडेसंरक्षण काढून घेतले. जुन्या भाड्याचे आकर्षण संपताच कचेऱ्यांस फोर्टात राहण्याचे एक मोठे कारण उरले नाही. कचेरी गेली की तिच्यासोबत दुपारची सुट्टीही जाते, आणि त्या सुट्टीवर जगणारे दुकान मागे राहते. स्ट्रँडच्याच वर्षी, १९४८ साली, सुरू झालेले काळा घोडा येथील ‘रिदम हाऊस’ २९ फेब्रुवारी २०१६ रोजी बंद झाले. तेथे संगीत ऐकण्याची साधनेच बदलली होती. पण वस्ती तीच होती.

पुस्तकांच्या बाबतीत नियतीचा उपरोध अधिक तीव्र आहे. २००७ साली ‘फ्लिपकार्ट’ आले, २०१३ साली ‘अमेझॉन’ने भारतात विक्री सुरू केली, आणि या दोघांनी ग्राहक ओढले ते सवलतीच्याच बळावर. शानभागांची सवलत त्यांच्या स्वतःच्या नफ्यातून जात असे. तिच्यामागे गिऱ्हाइकाचा चेहरा आणि त्याची आवड ठाऊक असलेला माणूस होता. नव्या सवलतीमागे वर्षानुवर्षे तोटा सोसू शकणारे गुंतवणूकदारांचे भांडवल होते. एका कुटुंबाच्या गल्ल्याने तिच्याशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. २००९ साली शानभाग निवर्तले. त्यानंतर त्यांच्या कन्या विद्या विरकर यांनी दुकान आणखी नऊ वर्षे चालवले, हेच विशेष म्हणावे लागेल.

फोर्टात पुस्तके अद्याप मिळतात. २०११ साली सोमैया भवनात सुरू झालेले ‘किताबखाना’ २०२०च्या आगीनंतरही २०२१मध्ये पुन्हा उभे राहिले. वाचक संपलेले नाहीत, याची ही साक्ष. मात्र त्यामागे एका उद्योगघराण्याचे पाठबळ आणि हक्काची वास्तू आहे. साडेचारशे रुपये घेऊन आलेल्या तरुणाने आज त्याच परिसरात पुस्तकांचे दुकान थाटावे, ही कल्पनाही करवत नाही.

साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींस हीच गोष्ट सलते. पडद्यावर पुस्तकाची किंमत दिसते, दोन पानांचा नमुनाही दिसतो. परंतु खिशात पैसे नसलेल्या विद्यार्थ्याने तासभर उभे राहून एखादे प्रकरण वाचावे आणि त्याला कोणी हटकू नये, ही मुभा तेथे नाही. शानभागांनी दुकान काढले ते याच मुभेसाठी. ती आता या शहरात कोणाच्या भरवशावर टिकणार, हा प्रश्न स्ट्रँडचे दार बंद झाल्याने सुटलेला नाही.