रिकाम्या जागेची कुळकथा

दहावीच्या इंग्रजी पेपरात वाक्याच्या मधोमध एक आडवी रेघ येते. तिथे ‘अ’, ‘अॅन’ की ‘द’, ‘इन’ की ‘अॅट’, हे मुलाने ठरवायचं. दिवाळी सरली की सोलापुरातल्या क्लासेसमध्ये या रेघा भरण्याचा सराव सुरू होतो. ‘एकवीस अपेक्षित’ हा प्रश्नसंच येतो, मागच्या वर्षांचे पेपर झेरॉक्स होऊन येतात, आणि मार्चपर्यंत मुलं त्याच त्या प्रकारचे उतारे सोडवत राहतात. चीनमधली त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी मुलंही तेव्हा हेच करत असतात. त्यांची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा जूनमध्ये असते आणि तिचं नाव गाओकाओ. तिच्या इंग्रजी पेपरातही उताऱ्यातले शब्द गाळलेले असतात. या दोन ठिकाणच्या मुलांना कोणी एकत्र बसवलेलं नाही, पण त्यांच्या समोरची ती रेघ आणि तिच्याभोवतीची सगळी परीक्षा यांचं मूळ शोधत गेलं, तर वाट चीनपर्यंत जाते, तिथून लंडनला, आणि लंडनहून सोलापुरात येते.

सातव्या शतकाच्या अखेरीस, तांग राजवटीत, सरकारी नोकरीसाठीच्या परीक्षेत एक प्रकार सुरू झाला. चिनी भाषेत त्याला ‘तिएचिंग’ म्हणतात. प्राचीन धर्मग्रंथाचं पान उमेदवारापुढे ठेवायचं, डावी-उजवी बाजू झाकून एकच ओळ उघडी ठेवायची आणि त्या ओळीतल्या तीन अक्षरांवर कागदाचा कपटा चिकटवायचा. खाली काय आहे ते सांगा! ही जगातली जुन्यात जुनी नोंदलेली रिकामी जागा म्हणायला हरकत नाही. हिच्यात भाषेची समज तपासायची नव्हती. पान पाठ आहे की नाही, एवढंच पाहायचं होतं.

पुढे जे झालं ते कुठल्याही क्लासच्या सरांना ओळखीचं वाटेल. उमेदवार वाढले, बहुतेकांची पाठांतरं पक्की झाली, मग परीक्षक मुद्दाम आडवळणाच्या जागा झाकू लागले. एकसारख्या दिसणाऱ्या ओळी, क्वचित येणारी अक्षरं, दोन ग्रंथांत गोंधळ होईल अशी वाक्यं. उमेदवारांनी तोड काढली. अशा सगळ्या अवघड जागा गोळा करून त्यांची पद्यं रचली आणि ती घोकली. ग्रंथ वाचायचा राहिला बाजूला, पद्यं पाठ झाली की काम भागत होतं. परीक्षेचा ‘अपेक्षित’ संच हा असा तेराशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या जन्माला परीक्षकही तितकाच कारणीभूत होता, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने जागा झाकायची तऱ्हा बदलली म्हणून मुलांनी घोकायची तऱ्हा बदलली.

चिनी परीक्षेतल्या आणखी काही गोष्टी आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. सोंग राजवटीत उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकू लागले, आणि अक्षरावरूनही उमेदवार ओळखू येऊ नये म्हणून सरकारी कारकून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करत. परीक्षक ती नक्कल तपासायचा. आज बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर लागतं ते त्याच काळजीपोटी. नानकिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून जास्त खोपट्या होत्या. एकेका खोपटीत एकेक उमेदवार बसून लिहायचा. मिंग काळात पास झालेल्यांच्या निबंधांचे छापील संग्रह धडाक्याने खपत, आणि असल्या पुस्तकांनी मुलं मूळ ग्रंथ वाचत नाहीत अशी तक्रार जाणती माणसं तेव्हाही करत होती.

ही पद्धत युरोपात पोचली ती आधी मिशनऱ्यांच्या आणि नंतर व्यापाऱ्यांच्या लिखाणातून. १८४७ साली थॉमस टेलर मेडोज नावाच्या, कँटनच्या ब्रिटिश वकिलातीतल्या दुभाष्याने पुस्तक लिहून सांगितलं की चीनचं राज्य इतकं टिकलं ते परीक्षेतून माणसं निवडल्यामुळे, ब्रिटननेही तसंच करावं. त्या वेळी इंग्लंडमध्ये सरकारी नोकरी ओळखीने मिळायची. ईस्ट इंडिया कंपनीतल्या जागा तर डायरेक्टरांच्या हातात होत्या, ते आपल्या भाच्या-पुतण्यांना चिकटवत. १८५३ च्या कायद्याने कंपनीची ही वाटणी बंद केली आणि १८५५ पासून हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली. दरम्यान १८५४ साली खुद्द ब्रिटनच्या नोकऱ्यांसाठी परीक्षा घ्यावी असा अहवाल आला. तो लिहिणारे दोघे. एक चार्ल्स ट्रेव्हेलियन, मेकॉलेचे मेहुणे, हिंदुस्थानात नोकरी करून इंग्रजी शिक्षणाचा कैवार घेतलेले. दुसरे स्टॅफर्ड नॉर्थकोट. विरोधकांनी ‘चिनी पद्धत’ म्हणून त्यांची टर उडवली होती.

सोलापूरकरांचे कान आता टवकारले असतील. आपल्या शहरातली जुनी शाळा नॉर्थकोट नावाची आहे. या स्टॅफर्ड नॉर्थकोट यांचे दुसरे चिरंजीव हेन्री नॉर्थकोट १९०० ते १९०३ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. ज्या घराण्यातल्या वडिलांनी परीक्षेने माणूस निवडायची पद्धत ब्रिटिश कारभारात रुजवली, त्याच घराण्याचं आडनाव या शाळेच्या पाटीवर आहे. परीक्षेसाठी रात्री जागलेल्या सोलापुरातल्या किती पिढ्यांनी ते नाव उच्चारलं असेल!

आणखी एक धागा याच शहरातून गेला आहे. लंडनची ती सनदी परीक्षा पास होणारे पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर. १८६३ मध्ये त्यांची निवड झाली. नेमणूक मुंबई इलाख्यात मिळाली, आणि त्यांच्या नोकरीतली काही वर्षं सोलापुरात गेली. धाकटे बंधू रवींद्रनाथही त्यांच्याकडे येऊन राहिले होते. म्हणजे परीक्षेतून निवडलेला पहिला हिंदी अधिकारी या गावाने स्वतः पाहिला आहे.

परीक्षेचा सराव घराघरात शिरला तो मात्र मॅट्रिकमुळे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. नमुना लंडन विद्यापीठाचा होता, म्हणजे मुख्य काम शिकवण्याचं नव्हे, परीक्षा घेण्याचं. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इंग्रजी आल्याशिवाय त्या दारातून आत जाता येत नव्हतं, म्हणून मराठी मुलखात इंग्रजीचा अभ्यास आणि परीक्षेचा अभ्यास हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरात आले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाताशी घेऊन मराठी वाक्याचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करत मुलं तयार होत. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकच्या जागी एसएससी आली. १९७५ मध्ये अकरावीची एसएससी जाऊन दहावीची परीक्षा सुरू झाली. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. अलीकडे प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली आणि उताऱ्याखाली ए-एक ते ए-पाच अशा कृती येऊ लागल्या. रेघ मात्र आहे तिथेच आहे.

पण ही रेघ तांगच्या कपट्याची थेट वंशज नाही. ती युरोपात दुसऱ्यांदा, अगदी वेगळ्या कारणाने जन्मली. १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, शाळेची सकाळ लांबली की मुलं किती थकतात हा प्रश्न निघाला. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने शाळेतल्या मुलांना गाळलेल्या अक्षरांचे आणि शब्दांचे उतारे भरायला दिले. गणितं आणि आकडे लक्षात ठेवणं या चाचण्यांपेक्षा या चाचणीतून हुशार आणि कच्च्या मुलांतला फरक जास्त स्पष्ट दिसला. त्यानंतर १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलर यांनी तीच युक्ती नव्याने बांधली. उताऱ्यातला दर पाचवा शब्द सरळ काढून टाकायचा, कुठला ते निवडायचं नाही, आणि वाचकाला तो भरायला सांगायचा. याला इंग्रजीत ‘क्लोझ’ म्हणतात. टेलर हे पत्रकारितेच्या विषयातले अभ्यासक होते. मुलांची परीक्षा घेणं हा त्यांचा हेतूच नव्हता. मजकूर वाचायला सोपा आहे की अवघड, हे त्यांना मोजायचं होतं.

मजकुराची परीक्षा घ्यायला निघालेलं हे साधन पुढे भाषेच्या शिक्षकांनी उचललं आणि मुलांवर चालवलं. तिथून ते आशियात आलं आणि चीनमध्येही पोचलं. माओच्या काळात १९६६ पासून बंद पडलेली प्रवेश परीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९८३ पासून परकीय भाषेचे गुण पूर्ण धरले जाऊ लागले, आणि १९८५ पासून ग्वांगतुंग प्रांतात नव्या प्रमाणित पद्धतीची इंग्रजी परीक्षा आजमावली गेली. आज गाओकाओच्या ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे आहेत, आणि जवळपास सगळी मुलं इंग्रजी घेतात. ८ जूनच्या दुपारी इंग्रजीचा पेपर असतो, तेव्हा केंद्राजवळ हॉर्न वाजवायला मनाई असते. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी या परीक्षेसाठी नोंदणी केली होती. उताऱ्यातल्या गाळलेल्या जागांसाठी चार-चार पर्याय दिलेले असतात. पत्र लिहायचं असेल तर लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा ली हुआ असतं, इतकं की हा कधी न जन्मलेला मुलगा सगळ्या देशाच्या ओळखीचा झाला आहे. त्यांच्या ‘अपेक्षित’चं नाव ‘पाच वर्षांच्या गाओकाओ, तीन वर्षांचे सराव पेपर’. आपल्याकडे परीक्षेच्या तयारीत लातूर पॅटर्नचा बोलबाला आहे, तसा तिकडे हुबेई प्रांतातल्या ह्वांगकांगचा झाला होता. तिथल्या पेपरांचे संच देशभर विकले गेले. १९०५ मध्ये बंद झालेल्या जुन्या राजपरीक्षेच्या देशात रिकामी जागा अशी परत आली, आणि या वेळी ती इंग्रजीत होती.

आता सोलापूरकडे या. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातलं मूल घरी तेलुगू बोलतं, गल्लीत कन्नड आणि दखनी उर्दू ऐकतं, शाळेत मराठी शिकतं. इंग्रजी त्याची तिसरी नव्हे, चौथी-पाचवी भाषा असते. इतक्या भाषा सहज उचललेलं मूल इंग्रजीत का अडतं? माझं उत्तर असं की त्या बाकी भाषा त्याला माणसांनी दिल्या, आणि इंग्रजी त्याला फक्त रेघांतून भेटते. ‘नो सूनर’ दिसलं की ‘दॅन’, ‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’, ‘टू’ काढायचं तर ‘सो… दॅट’. ही आपली सूत्रं तांगच्या पद्यांची सख्खी भावंडं आहेत. मार्कांसाठी ती चालतात, आणि मुलांना मार्क हवेतच, त्याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही. विडी वळून मुलाची फी भरणाऱ्या आईला मार्कांचं मोल कोणी शिकवायची गरज नाही.

पण टेलरची रेघ सूत्राने भरत नाही. तिच्यासाठी पूर्ण उतारा आधी वाचावा लागतो, कोण कोणाला काय म्हणतंय ते कळावं लागतं, मग शब्द आपोआप सुचतो. गाओकाओच्या उताऱ्यात पहिलं वाक्य सहसा न गाळता ठेवतात ते एवढ्याचसाठी, मुलाने गोष्टीत शिरावं म्हणून. आपल्याकडे एकेक सुटं वाक्य देऊन एकेक सुटा शब्द मागतात. त्यातून तेराशे वर्षांपूर्वीचीच परीक्षा चालू राहते, पान पाठ आहे की नाही ही.

माणसांत राहून भाषा कशी येते, याचं उदाहरणही इथलंच आहे. सोलापूरचेच द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्यांना चिनीचा एक शब्दही येत नव्हता. जखमी सैनिकांशी बोलायचं होतं, नर्सना सांगायचं होतं, म्हणून ते बोलायला शिकले, वाचायला शिकले आणि तिकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. चार वर्षांत, १९४२ च्या डिसेंबरात, तिथेच त्यांचं निधन झालं. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराच्या जागी आज स्मारक आहे. त्या स्मारकाला भेट द्यायला शाळेच्या सहली जातात, तेव्हा त्यांचं चिनी शिकणं हाही मुलांना सांगण्यासारखा धडा आहे.

इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती करतो. टेलरचं साधन एकदा त्याच्या मूळ कामासाठी वापरून पाहा. पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला एक पाठ घ्या, पहिलं वाक्य तसंच ठेवा, पुढे दर पाचवा शब्द गाळून पन्नास जागा करा आणि वर्गाला भरायला द्या. मार्क कुठेही नोंदवू नका. टेलरनंतरच्या अमेरिकन अभ्यासकांनी नेमका मूळ शब्दच बरोबर धरून असा अंदाज बांधला की ४४ टक्क्यांच्या खाली उत्तरं येत असतील तर तो मजकूर त्या वर्गाला झेपत नाही, आणि ५७ टक्क्यांच्या वर येत असतील तर मूल तो एकट्याने वाचू शकतं. ते आकडे घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांवरून काढलेले आहेत, सोलापुरात ते खाली येणारच. पण कुठला पाठ किती खाली येतो, हे दहा-वीस शाळांनी मोजून ‘बालभारती’ला कळवलं, तर पुढचं पुस्तक कोणासाठी लिहायचं हे पुण्यात बसलेल्या समितीला मुलांच्याच कागदावरून समजेल. येत्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे करा.