माकडहाडाची साक्ष

पाठीच्या कण्याच्या टोकाशी बोट दाबले की एक लहानसे हाड लागते. मराठीत त्याला माकडहाड म्हणतात. शेपूट गेली, खूण उरली.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, मराठवाड्यातल्या जळकोटमध्ये राज्य मंडळाचा दहावीचा विद्यार्थी हेच शिकतो. 2018 साली आलेल्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे.

त्याच वर्षी जानेवारीत, याच मराठवाड्यात, औरंगाबादला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पूर्वजांनी पाहिले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. पण लाखो वर्षांचा बदल कोणी डोळ्यांनी पाहायचा? त्याची साक्ष जीवाश्म आणि डीएनए देतात. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी हे विधान खोडून काढले. तरीही 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली.

प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ 1859 चा. तेव्हा टेंभूचे समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर तीन वर्षांचे होते. पुढे 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढले आणि धर्माज्ञेलाही बुद्धीच्या कसोटीवर घासले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. श्रद्धेला प्रश्न चालत नाहीत, हाच तिचा मोठा दोष.

दहावीच्या मुलांनी उत्क्रांतीचा तो धडा गुणांपुरता वाचू नये. वर्गात प्रश्न विचारावेत.